मूळ गाव शोधायचंय? कळंब तालुक्यातला खर्चाचा हिशेब

आपलं आडनाव कुठून आलं, आपली माणसं या गावात कधी आणि कुठून आली, हे शोधायला पैसे किती लागतात? कळंबमध्ये हा प्रश्न आता घरोघरी निघतो. कुणाला जात पडताळणीसाठी हवं असतं, कुणाला वारस नोंदीसाठी, तर कुणाला फक्त नातवंडांना सांगता यावं म्हणून. उत्तर असं की सरकारी फी म्हणाल तर दोनशे रुपयांच्या आत बरंचसं काम होतं. पैसे बुडतात ते चुकीच्या दारात उभं राहिल्याने, बुडालेल्या रोजीने आणि ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या हातात.

म्हणून पहिली गोष्ट: आडनाव शोधायला निघू नका. माणूस आणि त्याचं शेत शोधा. शेत नसेल तर त्याची शाळा शोधा. आडनाव त्यांच्या मागून येतं.

आडनाव काय सांगतं, काय सांगत नाही

‘कर’ लागलेलं आडनाव हा स्थलांतराचा सरळ पुरावा वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो असतोही. येरमाळ्याहून बार्शीला गेलेल्या घराला बार्शीचे लोक येरमाळकर म्हणणार. येरमाळ्यात राहिलेल्या भावकीला तसं म्हणायचं कुणाला कारणच नाही. तेव्हा कळंबकर शोधायचे तर कळंबच्या बाहेर. पण बाहेर भेटलेला प्रत्येक कळंबकर आपल्याच कळंबचा, असं धरून चालू नका. चिंतामणी गणपतीचं कळंब यवतमाळ जिल्ह्यात आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यात एक कळंब, इंदापूर तालुक्यात वालचंदनगरजवळ दुसरं. रायगडच्या कर्जत तालुक्यातही एक आहे. नावापुढे गाव दिसलं की तालुका विचारायचाच.

इंग्लंडमध्येही गावावरून पडलेली आडनावं पुष्कळ आहेत आणि तिथेही ती चिकटली गाव सोडून गेलेल्यांनाच. फरक कागदांचा आहे. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या १५३८ च्या हुकमापासून ठेवल्या गेल्या आणि सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीचं जे काही आहे ते कोतवाल बुकात, शाळेच्या रजिस्टरात आणि महसुलाच्या दप्तरात विखुरलेलं आहे. तिकडच्या माणसाला जे घरबसल्या मिळतं, त्यासाठी आपल्याला चार ठिकाणी जावं लागतं.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौधरी ही वतनाची नावं. ती काम सांगतात, कूळ सांगत नाहीत. दोन गावच्या देशमुखांचा रक्ताचा संबंध नसण्याचीच शक्यता जास्त. उलट एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एकाचं घर पाटील लावतं आणि दुसऱ्याचं मूळ आडनाव, असंही सर्रास दिसतं. पवार, शिंदे, जाधव, चव्हाण, मोरे ही नावं तर मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, भटक्या-विमुक्तांत आहेत. जाधवांचं नातं देवगिरीच्या यादवांशी, कदमांचं कदंबांशी जोडणारे रंगीत तक्ते जत्रेत आणि मोबाइलवर विकायला असतात. ते तक्ते तुमच्या घराबद्दल काहीही सांगत नाहीत. त्यावर एक रुपया घालवू नका.

थुंकी देऊन वंश सांगणाऱ्या डीएनए चाचणीचंही तेच. काही हजार रुपये मोजून हाती येतो तो मोठ्या प्रदेशाचा अंदाज. पणजोबा ईटकूरचे की शिराढोणचे, हे ती चाचणी सांगू शकत नाही.

फुकटचं काम आधी

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. मूळ गाव कोणतं, एवढंच विचारलं तर ‘इथलेच आपण’ असं उत्तर मिळतं. त्याऐवजी कुलदैवत कोणतं, देवक काय, सुतकात कोणकोणत्या गावची भावकी येते, कुठल्या गावच्या त्याच आडनावाशी सोयरीक होत नाही, हे विचारा. तुळजाभवानी आपल्या जिल्ह्यात जवळजवळ घरोघरी असते, त्यामुळे त्यावरून फारसं कळत नाही; येडेश्वरीचंही कळंब तालुक्यापुरतं तसंच. पण कुलदैवत पार दूरचं असेल, आणि वर्षाआड तिथे जायची चाल असेल, तर तो धागा पक्का समजून त्या दिशेने चौकशी करा.

दुष्काळांची सालं पाठ असू द्या. १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००, आणि आपल्या आठवणीतला १९७२. ‘मोठ्या दुष्काळात आलो’ असं आजी म्हणते तेव्हा तिच्या सासऱ्याचं वय काढून त्यातला कोणता, हे ठरवता येतं. कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये आलेली बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. बार्शी-सोलापूरच्या गिरण्यांकडे आणि लातूरच्या अडतीकडे माणसं सरकली त्यात या गाडीचाही हात आहे. पणजोबा गिरणीत होते असं घरात बोललं जात असेल तर शोध गावात नव्हे, तिकडच्या शाळेत करावा लागेल.

आईकडचीही नावं त्याच वहीत लिहा. आपल्या वंशावळीत बायका नसतात, आणि अर्धा इतिहास तिथेच गळतो. आजीचं माहेर समजलं की तिच्या भावाच्या शेताच्या कागदांवरून तिच्या घराचा शोध तितकाच सोपा आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागू लागलं, हे पुढच्यांसाठी चांगलं झालं.

पंधरा रुपयांपासून सुरुवात

आजचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर नुसता बघायला पैसे लागत नाहीत. डिजिटल सहीचा, सगळीकडे चालणारा उतारा हवा तर १५ रुपये. आठ-अ आणि फेरफाराचंही तेवढंच. सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक घेऊन मागे मागे सरकत जायचं: वडिलांची वारस नोंद, मग आजोबांची. चार फेरफार काढले तरी ६० रुपये होतात आणि साठ-सत्तर वर्षं मागे जाता येतं.

पुढे एक अडचण येते. एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. जुना नंबर हाती नसेल तर जुन्या दप्तरात काहीच सापडत नाही. तो भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात जुळवून मिळतो. आधी हे करा, मगच रेकॉर्ड रूमची पायरी चढा.

आता खासरा पत्रक. मराठवाड्यात १९५४-५५ सालचं खासरा पत्रक म्हणजे आपल्या शोधातला सर्वांत मोलाचा कागद. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झालं, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे, प्रत्यक्षात कसतो कोण, हे नव्याने लिहिण्याची वेळ आली. त्यातून हे पत्रक झालं. त्याच्याही आधीचं हवं तर शेतवार, तेही भूमी अभिलेखकडे.

या कागदांत नोंद कशी असते ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच हात हलवत परत येतात. समजा, नोंद आहे ‘तुकाराम वल्द रामजी’. पुढे सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, आकार. आडनाव नाही. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. तुम्ही पानभर आडनाव शोधत राहता आणि समोरच्याच ओळीत पणजोबा असतात. आडनाव बहुतेक घरांना कायमचं चिकटलं ते शाळेत नाव घालताना किंवा मतदार यादीत, कधी गुरुजींनी सुचवलं तसं. त्यामुळे सख्ख्या भावांच्या घरांत दोन आडनावं निघाली तर घाबरू नका. दोघांच्या वडिलांचं नाव आणि शेताच्या चतुःसीमा जुळल्या की झालं. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांत तर पूर्वजाचं पहिलं नावच कारकुनाच्या वहीत चढून पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालेलं दिसतं. ती आगमन दप्तरं तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपली आहेत.

जुन्या कागदांवर साल बहुधा फसली असतं. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो: फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. जिल्ह्याचं नावही बदलत आलं आहे. निजामाच्या काळात हा आधी नळदुर्ग जिल्हा होता, मग उस्मानाबाद झाला, आता धाराशिव. १८५३ ते १८६० एवढी वर्षं हा मुलूख इंग्रजांकडे होता. लातूर १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला, वाशी तालुका त्याहून नंतर. सूची चाळताना ही सगळी नावं बघायची, नाहीतर ‘रेकॉर्ड नाही’ एवढं ऐकून तुम्ही परत याल.

दहा रुपयांचा अर्ज

तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला रीतसर अर्ज करून, कोर्ट फी तिकीट लावून मिळतात. तिथे दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाची फी १० रुपये, प्रतीचे पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून गाव, सर्व्हे नंबर, साल आणि कागदाचं नाव एवढंच लिहा. ‘माझ्या पूर्वजांची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास फेटाळला जातो.

माझा आग्रह असा की पहिल्या अर्जात प्रती मागूच नका, अभिलेख पाहायला मागा. पहिल्या तासाला पैसे नाहीत. कोणत्या पानावर काय आहे हे डोळ्यांनी पाहिलंत की मग नेमकी चार पानं मागता येतात. आठ रुपयांत काम होतं. नाहीतर शंभर पानांचे दोनशे रुपये भरून हाती येतात ती शेजारच्या गावची पानं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘अभिलेख आढळून येत नाही’ असं मोघम आलं तर २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील करा. अनेकदा अपील लागलं की गठ्ठे सापडतात.

टपालाने अर्ज करण्यात आणखी एक बचत आहे. रोजंदारीवरच्या माणसाला तहसीलचा एक हेलपाटा म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. मार्गदर्शन करणारे हा खर्च धरतच नाहीत. खरं तर तोच सर्वांत मोठा असतो. जावंच लागलं तर कळंब ते धाराशिव साठेक किलोमीटर आहे. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे दहा रुपये पडतात, म्हणजे एका बाजूचे शंभरएक. बायकांना निम्मं तिकीट, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना निम्मं, पंचाहत्तरीपुढे मोफत. आजोबांना बरोबर न्यायला आणखी एक कारण आहे: जुनी नावं आणि शिवारातल्या वहिवाटी त्यांनाच ओळखू येतात.

ज्यांच्या नावावर शेत नव्हतं

भूमिहीन घरांना वरचा अर्धा लेख उपयोगाचा नाही, आणि कळंब तालुक्यात अशी घरं थोडी नाहीत. त्यांच्यासाठी दोन वह्या आहेत. एक कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. त्यात गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद बापाच्या नावासह आणि जातीसह असते, शेत असो वा नसो. दुसरी शाळेचं जनरल रजिस्टर. आजोबा पहिलीत दोन महिने बसले असले तरी त्यांचं नाव, जात, जन्मगाव आणि शाळा सोडल्याची तारीख तिथे असते. प्रवेश-निर्गम उतारा म्हणतात तो हाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पैसे मागितले तर पावती मागा.

पारधी, वडार, कैकाडी अशा घरांचं दुखणं आणखी खोल आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर शिक्का मारला, पालं एका जागी टिकली नाहीत, पोरं शाळेत गेली नाहीत. आणि आता तोच समाज जातीचा दाखला मागायला गेला की त्याच्याकडे जुना पुरावा मागतात: विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांना कागदच ठेवू दिला नाही त्यांच्याकडे सत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागणं हा अन्याय आहे, आणि तो अन्याय म्हणूनच बोलला गेला पाहिजे. तोवर व्यवहाराचा मार्ग असा: रक्ताच्या नात्यातल्या कुणाला, चुलत असला तरी, आधी जात वैधता मिळाली असेल तर त्याचं प्रमाणपत्र आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ जोडा, गृहचौकशीची मागणी लेखी करा. पोलीस आणि तुरुंगाच्या जुन्या नोंदवह्यांतही नाव, बापाचं नाव आणि जात असते. ते वाचणं जिवावर येतं, पण पुरावा म्हणून त्या चालतात.

जातीच्या, रहिवासाच्या, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तरीही पाचशेचा स्टँप गळ्यात मारणारे भेटतात. घेऊ नका.

कुणबी नोंद शोधणाऱ्यांसाठी थोडंसं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमल्यावर सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवल्या गेल्या. आधी तिथे आपलं गाव बघा, फुकट आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हैदराबाद गॅझेटचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. पण गॅझेटियरमध्ये मुलखातल्या जातींची लोकसंख्या आहे, माणसांची नावं नाहीत. ‘गॅझेटमधून तुमच्या पणजोबांचं नाव काढून देतो’ म्हणणारा फसवतो आहे. निजामाच्या राज्याची मूळ दप्तरं हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहेत, पण घरगुती शोधासाठी तिथे जाणं म्हणजे प्रवास, मुक्काम आणि दुभाष्या मिळून काही हजारांचा खर्च. इथली कोतवाल बुकं आणि खासरा पत्रकं संपल्याशिवाय ती वाट धरू नका.

मोडी, उर्दू आणि उपाध्यांच्या वह्या

संस्थानात १८८४ पासून दरबारी कारभार फारसीऐवजी उर्दूत आला; गावपातळीवर मोडी चालू राहिली. त्यामुळे सापडलेला कागद वाचता न येणं हा शेवटचा अडसर. लिप्यंतराचा ठरलेला दर नाही. तो पानामागे आणि काम सुरू होण्यापूर्वी बोलून घ्या. सगळा गठ्ठा देऊ नका. आधी एकच पान द्या, त्यातली गावाची आणि माणसांची नावं घरच्या माहितीशी जुळतात का ते बघा, मग पुढचं. शासनाला सादर करायचं असेल तर वाचणाऱ्याची सही आणि त्याच्या मोडी परीक्षेचं प्रमाणपत्र लागेल का, हे संबंधित कार्यालयाला आधीच विचारा. घरातला एखादा कॉलेजचा पोरगा मोडी शिकला तर सर्वांत बरं. अक्षरओळख होईपर्यंत कष्ट आहेत, पुढे तारीख आणि नावं सुटायला लागतात.

राहिले तीर्थोपाध्याय. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे यजमानांच्या वह्या असतात. त्यांत तुमच्या घरातला कोण कधी आला, बरोबर कोण होतं, गाव कोणतं, हे त्याच्याच सहीने लिहिलेलं सापडू शकतं. सरकारी कागदात नसलेलं मूळ गाव इथे निघण्याची आशा सर्वाधिक, कारण तीर्थाला गेलेला माणूस आपलं गाव आवर्जून सांगे. तुळजापूरलाही पुजाऱ्यांची घरं ठरलेली असतात. आपले पुजारी कोण हे घरात विचारून मगच जा. दर नाही, दक्षिणा असते. ती वही बघण्याआधी ठरवा, आणि पूजेचा आग्रह झाला तर ‘आज फक्त नावं बघायची आहेत’ असं नम्रपणे सांगा. नाशिकला मुद्दाम खेप करायची गरज नाही; कुणी अस्थी घेऊन किंवा यात्रेला निघालं असेल तर त्यांच्याजवळ खापरपणजोबांपर्यंतची नावं आणि माहीत असलेली सगळी जुनी गावं लिहून द्या. पानाचा फोटो काढायची परवानगी मागायला त्यांना सांगा.

मिळालेल्या प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलीने कार्यालय, रजिस्टरचं नाव, पान क्रमांक आणि तारीख लिहा. कोतवाल बुकांची पानं हात लावताच तुटतात अशी गावं आहेत. तुम्ही पाहिलेलं पान पाच वर्षांनी असेलच याचा भरवसा नाही. साक्षांकित प्रतीची एक झेरॉक्स भावकीतल्या दुसऱ्या घरी ठेवा, दोन रुपयांत होते.